‘किताब रिक्त’ : एका कुस्तीच्या यादीतून साधनचिकित्सा



पेटची तयारी करणाऱ्यांकडून मला एक प्रश्न वारंवार येतो. "ताई, साधनांची चिकित्सा करायची म्हणजे नक्की काय करायचं?" व्याख्या सगळ्यांना पाठ असते. प्राथमिक साधन, दुय्यम साधन, बाह्य चिकित्सा, अंतर्गत चिकित्सा. पेपरात त्यावर मार्कही पडतात. पण पहिल्या वर्षी हातात खरोखरचा डेटा येतो, छान टाइप केलेला, तारीखवार लावलेला, आणि आपण तो जसाच्या तसा एक्सेलमध्ये ओततो. मीही तेच केलं होतं. ते प्रकरण शेवटी सांगते.

आज उदाहरण जरा वेगळं घेणार आहे. विषय आहे अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचा एक प्रादेशिक किताब. हसू नका. साधनचिकित्सा शिकायला इतकी चांगली यादी मला दुसरी सापडलेली नाही, कारण या यादीतल्या काही ओळी ठरवून रचलेल्या आहेत, काही शंभर टक्के खऱ्या आहेत, आणि छापताना दोन्ही अगदी सारख्याच दिसतात.

आजोबा आणि नुरा कुस्ती

मी शाळेत असताना आमच्या घरी टेन स्पोर्ट्सवर डब्ल्यूडब्ल्यूई लागायचं. दादाकडे ट्रम्प कार्ड्सचा अख्खा गठ्ठा होता. जॉन सीनाच्या कमरेला तेव्हा ‘युनायटेड स्टेट्स चॅम्पियन’चा पट्टा असायचा. आजोबा तालमीत घाम गाळलेले. ते पेपर बाजूला ठेवून दोन मिनिटं बघायचे आणि म्हणायचे, "ही नुरा कुस्ती आहे रे. आधी ठरवून केलेली." दादा चिडायचा, आजोबा पुन्हा पेपर उघडायचे.

आजोबांचं बरोबर होतं. निकाल आधी ठरलेला असतो, हे त्या धंद्यातल्या लोकांनीही नंतर उघड मान्य केलं. १९८९ मध्ये त्या वेळच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगितलं की आमचा खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे. खेळ म्हटलं की लागणारी सरकारी बंधनं आणि कर यातून त्यांना सुटका हवी होती.

पण मला प्रश्न पडला तो पुढचा. निकाल ठरवलेले असतील, तर त्या निकालांच्या यादीला इतिहास म्हणायचं का? आणि म्हणायचं असेल, तर तो कशाचा इतिहास?

एक देश, अनेक ‘युनायटेड स्टेट्स चॅम्पियन’

सीनाच्या कमरेचा तो पट्टा मुळात सगळ्या देशाचा नव्हता. त्याची गोष्ट समजायला थोडी पार्श्वभूमी लागेल.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वॉटरलू इथे काही कुस्ती प्रमोटर एकत्र आले आणि त्यांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स म्हणजे एनडब्ल्यूए स्थापन केली. तत्त्व सोपं होतं. प्रत्येकाने आपापला मुलूख सांभाळायचा, दुसऱ्याच्या हद्दीत घुसायचं नाही, आणि जगज्जेता सगळ्यांनी मिळून एकच मानायचा. या मुलुखांना ‘टेरिटरी’ म्हणत. ही वाटणी इतकी घट्ट होती की १९५६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली एनडब्ल्यूएला लेखी हमी द्यायला लावली.

आता अडचण बघा. जगज्जेता एकच आणि टेरिटऱ्या डझनावारी. तो वर्षभर गावोगाव फिरायचा, एका मुलुखात थोडे दिवस राहायचा आणि पुढे जायचा. मग बाकीचं वर्ष प्रेक्षकांनी तिकीट कशासाठी काढायचं? त्यासाठी स्थानिक किताब होते. स्थानिक विजेता तयार करायचा, त्याला आव्हान देणारा उभा करायचा, आणि जगज्जेता गावात आला की त्याच्यापुढे हाच माणूस ठेवायचा. कोण कधी जिंकणार हे ठरवणाऱ्या माणसाला ‘बुकर’ म्हणत.

‘युनायटेड स्टेट्स चॅम्पियन’ हा असाच एक स्थानिक किताब, नाव मात्र देशव्यापी. डेट्रॉइटचा वेगळा होता, सॅन फ्रान्सिस्कोचा वेगळा. १९७५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरातून चालणाऱ्या जिम क्रॉकेट प्रमोशन्सने स्वतःचा सुरू केला. त्यांचा मुलूख म्हणजे दोन्ही कॅरोलिना आणि व्हर्जिनिया, ज्याला ‘मिड-अटलांटिक’ म्हणत. एकाच वेळी एका देशात तीन-तीन ‘देशाचे विजेते’ आहेत, हे प्रेक्षकांना खटकलं कसं नाही? कारण कुस्तीचा टीव्ही कार्यक्रम तेव्हा आपापल्या भागापुरताच दिसायचा. शार्लटच्या घरात डेट्रॉइटची कुस्ती दिसत नव्हती.

इथे पहिला मुद्दा लिहून घ्या. यादीच्या मथळ्यातलं नाव आणि यादीचा खरा आवाका या दोन वेगळ्या गोष्टी असतात. ‘अखिल भारतीय’, ‘राज्यस्तरीय’, ‘जिल्ह्याचा नमुना’ असे शब्द तुमच्या साधनात असतील, तर आधी विचारा: मोजणारा प्रत्यक्षात कुठे-कुठे पोचला होता?

यादीची पहिली ओळ

या किताबाच्या आज मिळणाऱ्या यादीत पहिली ओळ अशी असते : हार्ली रेस, १ जानेवारी १९७५, टॅलाहासी, फ्लोरिडा, स्पर्धेच्या अंतिम फेरीत जॉनी वीव्हरवर विजय.

वाचताना काही चुकीचं वाटत नाही. नाव आहे, तारीख आहे, ठिकाण आहे, हरलेल्याचंही नाव आहे. पण नकाशा काढा. टॅलाहासी फ्लोरिडात. फ्लोरिडा क्रॉकेटच्या हद्दीत नव्हतंच, तो एडी ग्रॅहम या दुसऱ्या प्रमोटरचा मुलूख. कॅरोलिनाच्या नव्या किताबाची पहिलीच स्पर्धा, जिथे आपला एकही नेहमीचा प्रेक्षक नाही अशा परक्या हद्दीत कोण भरवेल?

या धंद्यात नवा किताब सुरू करायची एक रीतच होती. ‘लांब कुठेतरी मोठी स्पर्धा झाली आणि हा माणूस ती जिंकून आला’ असं जाहीर करायचं. सर्वात प्रसिद्ध दाखला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या इंटरकॉन्टिनेंटल किताबाचा आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये पॅट पॅटरसनने ब्राझीलच्या रिओ दि जानेरोत स्पर्धा जिंकून तो मिळवला, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. अशी स्पर्धा झालीच नव्हती. पुढे खुद्द कंपनीचे लोक त्यावर विनोद करायला लागले.

म्हणून टॅलाहासीची ओळ मी माझ्या वहीत ‘घटना’ या रकान्यात टाकत नाही. ती ‘दावा’ या रकान्यात जाते. दावा म्हणून ती मोलाची आहे, कारण नव्या पट्ट्याला वजन यावं म्हणून प्रमोटरला काय सांगावंसं वाटलं हे तिच्यातून कळतं. ठिकाण लांबचं हवं, हरलेला आपल्या प्रेक्षकांच्या ओळखीचा हवा (जॉनी वीव्हर कॅरोलिनात लाडका होता), आणि जिंकलेला आधीच मोठा हवा (रेस १९७३ मध्ये जगज्जेता राहिलेला). आता बघा, तिन्ही गोष्टी त्या एका ओळीत आहेत.

पुढची ओळ मात्र घरची आहे. ३ जुलै १९७५, ग्रीन्सबरो, नॉर्थ कॅरोलिना. जॉनी व्हॅलेंटाईनने रेसला हरवलं. निकाल ठरलेला होता, पण कुस्ती झाली, सभागृह होतं, तिकिटं होती, बघणारे लोक होते.

४ ऑक्टोबर १९७५

तिसरी ओळ एवढीच : ‘किताब रिक्त’.

व्हॅलेंटाईनकडे किताब ९३ दिवस होता. ४ ऑक्टोबर १९७५ ला शार्लटहून विल्मिंग्टनला एक छोटं सेस्ना विमान निघालं. आत वैमानिक आणि पाच जण : जॉनी व्हॅलेंटाईन, २६ वर्षांचा रिक फ्लेअर, बॉब ब्रगर्स, टिम वूड्स आणि प्रमोटरच्या घरातला डेव्हिड क्रॉकेट. धावपट्टीच्या अलीकडेच इंधन संपलं आणि विमान कोसळलं. वैमानिकाला जबर दुखापत झाली, तो त्यातून वाचला नाही. व्हॅलेंटाईनची पाठ मोडली, पाय गेले. तो पुन्हा कधी रिंगमध्ये उतरला नाही. ब्रगर्सची कुस्तीही तिथेच संपली. फ्लेअरच्या पाठीचं हाड तीन ठिकाणी मोडलं, तरी काही महिन्यांत तो परत आला.

टिम वूड्सची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. तेव्हाच्या कुस्तीत एक अलिखित कायदा होता, त्याला ‘केफेब’ म्हणत. रिंगमधलं सोंग बाहेरही मोडायचं नाही. नायक आणि खलनायक एकत्र जेवायचे नाहीत, एकत्र प्रवास करायचे नाहीत. वूड्स नायक होता, व्हॅलेंटाईन आणि फ्लेअर खलनायक, आणि तिघं एकाच विमानात. ही गोष्ट बाहेर फुटली तर कॅरोलिनातला धंदाच बसला असता.

वूड्स जखमी होता. त्या अवस्थेत त्याने काय करावं? त्याने आपलं खरं नाव सांगितलं, जॉर्ज वूडिन. आणि आपण कुस्तीगीर नसून प्रमोटर आहोत असं सांगितलं. लोकांना त्याचं फक्त रिंगमधलं नाव माहीत होतं, त्यामुळे खरं नाव सांगणं हाच लपण्याचा उत्तम मार्ग ठरला. तरीही कुजबूज सुरू झालीच. ती थांबावी म्हणून दोनेक आठवड्यांत तो दुखतं अंग घेऊन रिंगमध्ये उतरला. विमानात असलेला माणूस इतक्यात कुस्ती कशी खेळेल, असं लोकांना वाटावं म्हणून.

आता संशोधक म्हणून विचार करा. त्या आठवड्यातल्या बातम्यांमध्ये ‘जॉर्ज वूडिन, प्रमोटर’ असं वाचलं, तर तुम्ही वूड्सला त्या विमानात शोधू शकाल का? आणि त्याने नंतर खेळलेली कुस्ती बघून ‘तो अपघातात नव्हता’ असा निष्कर्ष काढला, तर तुमचं तर्कशास्त्र चुकलं असं म्हणता येईल का? तर्क बरोबर, साधन फसवं. साधन कोणासाठी तयार झालं आणि ते तयार करणाऱ्याला त्या क्षणी कशाची भीती होती, हे विचारल्याशिवाय त्यावर काही उभारू नका.

आणखी एक गोष्ट. रिक फ्लेअरकडेही तेव्हा किताब होता. अपघाताच्या दोनच आठवडे आधी, २० सप्टेंबरला, त्याने त्याच कंपनीचा मिड-अटलांटिक हेवीवेट किताब जिंकला होता. त्या यादीत अपघाताची खूणच नाही. फ्लेअर परत येणार होता, म्हणून किताब त्याच्याच नावावर राहिला. एकच विमान, दोन विजेते. एका यादीत ‘रिक्त’, दुसरीत सलग कारकीर्द. दुसरी यादी एकटीच वाचली, तर त्या काळात फ्लेअर काही महिने रिंगबाहेर होता, हे तुम्हाला कळणारच नाही.

म्हणजे जिचे निकाल ठरवलेले, त्या यादीतली सर्वात न ठरवलेली, सर्वात खरी जागा ती रिकामी ओळ आहे. बुकरने ती लिहिली नव्हती, ती त्याच्यावर येऊन पडली.

९ नोव्हेंबरला ग्रीन्सबरोमध्ये स्पर्धा झाली. ही स्पर्धा खरोखर भरली. टेरी फंकने पॉल जोन्सला हरवून रिकामा किताब घेतला आणि २७ नोव्हेंबरला जोन्सने त्याच्याकडून काढून घेतला. १० डिसेंबरला तोच फंक जगज्जेता झाला. धंदा दोन महिन्यांत सावरला. व्हॅलेंटाईन नाही सावरला.

यादीत आणखी खाली १९८२ मध्ये पुन्हा एक व्हॅलेंटाईन दिसतो : ग्रेग. तो जॉनीचा मुलगा. पण कारकिर्दीच्या सुरुवातीला प्रेक्षकांना तो ‘जॉनीचा भाऊ’ म्हणून सांगितला जायचा, वय जुळावं म्हणून. नातंसुद्धा साधन बघूनच मान्य करायचं ते असं.

यादी कोणाच्या मालकीची?

१९७७ मध्ये रिचमंड इथे बोबो ब्राझीलला हरवून फ्लेअर पहिल्यांदा युनायटेड स्टेट्स चॅम्पियन झाला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइट आणि सॅन फ्रान्सिस्कोचे किताब बंद पडले आणि क्रॉकेटचा प्रादेशिक किताब आपोआप ‘एकमेव’ ठरला. बाकीचे मैदानातून गेले म्हणून.

१९८८ मध्ये टेड टर्नरच्या कंपनीने क्रॉकेटचा धंदा विकत घेतला, त्यातून डब्ल्यूसीडब्ल्यू उभी राहिली. मार्च २००१ मध्ये ती डब्ल्यूडब्ल्यूएफने घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉनी व्हॅलेंटाईन वारला. १८ नोव्हेंबर २००१ ला हा किताब दुसऱ्यात विलीन करून बंद केला गेला. ठिकाण होतं ग्रीन्सबरो, म्हणजे जिथे व्हॅलेंटाईनने तो जिंकला होता तेच शहर. जुलै २००३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने तो पुन्हा सुरू केला, एडी गरेरो जिंकला, आणि मार्च २००४ मध्ये तो जॉन सीनाकडे आला. तिथून तो आमच्या टीव्हीवर आणि दादाच्या कार्डांवर.

डब्ल्यूडब्ल्यूई ही परंपरा १९७५ पासून सलग मानते. २००१ ते २००३ हा खंड असूनही ती सलग, आणि डेट्रॉइटचा किताब त्याच नावाचा, आधीचा असूनही तो बाहेर. असं का? कारण क्रॉकेटचे हक्क विकत घेतलेल्या कंपनीला विकत घेणारी कंपनी आज यादी छापते. सातत्य इथे खरेदीखताने आलं आहे.

आपल्याकडच्या संस्थांचे ‘स्थापना वर्ष’ असलेले फलक आठवा. किती वेळा नाव बदललं, किती वर्षं दार बंद होतं, आणि तरी वर्धापनदिन सलग मोजला जातो. सलगता हा डेटाचा गुण आहे की डेटा ठेवणाऱ्याचा निर्णय, हे तपासा.

माझा पावसाचा तक्ता

आता माझं प्रकरण. माझं काम एका नदीखोऱ्यातल्या जुन्या पावसाच्या नोंदींवर आहे. पहिल्या वर्षी एका केंद्राच्या नोंदवहीत मला जुलै महिन्यातले सलग सहा दिवस कोरे सापडले. मी काय केलं? शेजारच्या दोन केंद्रांची सरासरी काढून ते भरले आणि खाली पद्धतशीर टीप दिली. आलेख सुरेख आला.

गाईड मॅडमनी तो बघितला आणि विचारलं, "हे सहा दिवस कोरे का आहेत?"

"नोंद नाही, मॅडम."

"ते दिसतंय मला. का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुन्हा नोंदवही मागवली. पुढच्या महिन्याच्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात एक ओळ होती. पर्जन्यमापक पुरात वाहून गेला, नवीन बसवला.

म्हणजे ज्या दिवशी सर्वात जास्त पाऊस झाला असणार, नेमके तेच दिवस कोरे होते. आणि मी तिथे सरासरी भरून पूरच पुसून टाकला होता. संख्याशास्त्रात याला माहिती यादृच्छिक नसलेल्या रीतीने गहाळ होणं म्हणतात. एमएस्सीला मी ही व्याख्या लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. नोंदवहीत ती समोर आली तेव्हा मला ओळखता आली नाही.

त्याच आठवड्यात मी रात्री सहज या किताबाची यादी वाचत होते आणि ‘रिक्त’ या शब्दावर थांबले. आधी मी ती ओळ शंभरदा बघितली असेल. एखादा चॅम्पियन भांडून निघून गेला असेल असं वाटायचं. त्या रात्री पहिल्यांदा कारण शोधलं.

तुमच्यासाठी

महाराष्ट्र केसरीची यादी सगळ्यांना मिळते. १९६१ पासूनची आहे. त्यात काही वर्षांपुढे विजेत्याच्या जागी ‘अनिर्णित’ असं लिहिलेलं दिसेल. ती कुस्ती खरी, तिथला रिकामा रकाना कुस्ती न सुटल्यामुळे. क्रॉकेटच्या यादीतला ‘रिक्त’ माणूस उरला नाही म्हणून. माझ्या तक्त्यातला कोरा रकाना यंत्र वाहून गेलं म्हणून. तिन्ही जागी एक्सेल तुम्हाला एकसारखाच पांढरा चौकोन दाखवणार.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी तुमच्या विषयातली एक यादी घ्या. कोणतीही : पिकांचं उत्पादन, रुग्णसंख्या, ग्रंथसूची, निवडणुकीचे निकाल. वहीत चार रकाने आखा. प्रत्येक ओळीपुढे लिहा की ही घटना आहे, दावा आहे, की नंतरच्या मालकाचा निर्णय आहे. चौथ्या रकान्यात कोऱ्या जागांची कारणं लिहा. कारण माहीत नसेल तिथे सरासरी टाकू नका. तिथे ‘शोधायचं’ असं लिहा.

मुलाखतीत ‘तुमच्या डेटाच्या मर्यादा काय?’ हा प्रश्न येतोच. हा चौथा रकाना भरलेला असेल, तर त्याचं उत्तर पाठ करावं लागणार नाही.

आजोबांना मी ही विल्मिंग्टनची गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकली, चष्मा पुसला आणि विचारलं, "मग त्या व्हॅलेंटाईनला पुढं पोसलं कुणी?" माझ्या चार रकान्यांत हा प्रश्न नव्हता. वहीत आता पाचवा रकाना आखला आहे.

भेटू पुढच्या लेखात. तयारी चालू ठेवा.